‘इथे आधी काहीच नव्हते’ : दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीचा कागदोपत्री शोध

माटुंगा पूर्वेच्या एका हौसिंग सोसायटीला स्मरणिका काढायची होती. इमारत १९३०च्या दशकातली. तळमजला आणि वर दोन मजले, कोपऱ्यावर गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, जिन्यात मोझॅकच्या लाद्या. पुनर्विकासाचा करार झाला होता आणि वर्षभरात घरं रिकामी करायची होती. पाडकाम सुरू होण्याआधी या जागेचा इतिहास छापून राहावा, असं रहिवाशांच्या मनात आलं आणि चार पानांचं काम माझ्याकडे आलं.

सेक्रेटरी काकांनी मला त्यांच्याकडची एक जुनी स्मरणिका दिली. तिच्यातल्या लेखाची सुरुवातच अशी होती: ‘इथे आधी काहीच नव्हते. दलदल होती. ती बुजवून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ही वसाहत वसवली.’ दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, तर त्याही तेच म्हणाल्या. “अगं, सासूबाई नव्याने राहायला आल्या तेव्हा रात्रभर बेडकं ओरडायची म्हणे. माणूसकाणूस कुणी नव्हतं इथे.”

हे वाक्य तसंच उचलून पुढे जाता आलं असतं. पण आखून वसवलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीबद्दल ते सांगितलं जातं, आणि ते सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांनी पाहिलं तेव्हा खरंच मोकळी जागा असते. ती मोकळी कशी झाली, हे त्यांच्या येण्याआधी घडून गेलेलं असतं. म्हणून मी चार पानांऐवजी या एका वाक्याचा तपास हाती घेतला. पुढे लिहिलं आहे ते त्या तपासाचं टिपण: कुठले कागद पाहिले, कुठे चुकले, काय हाती आलं.

वसाहत कुणी आखली

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत गाठीचा प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने शहर सोडून गेले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ला ७,७६,००६ भरली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट घरांमुळे रोग पसरतो, अशी सरकारची समजूत होती. तेव्हा दाट वस्त्या फोडायच्या, त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि शहराला उत्तरेकडे जागा करून द्यायची, यासाठी १८९८ साली कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला गेला. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्याच ट्रस्टचे रस्ते.

ट्रस्टचं काम ‘योजनां’मध्ये चाले आणि प्रत्येक योजनेला क्रमांक असे. दादर-माटुंगा ही पाचवी, शीव-माटुंगा ही सहावी. शीवला आजही लोक ‘स्कीम नंबर सहा, रोड नंबर अमुक’ असा पत्ता सांगतात. ट्रस्टच्या कचेरीतला फायलीचा क्रमांक इतक्या वर्षांनी पोस्टमनच्या आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी जिवंत आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगला धागा कुठे मिळणार?

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या कारभाराचे कागद अनेक दारांत विखुरले. सरकारशी झालेला पत्रव्यवहार पुराभिलेखागारात, म्हणजे सरकारच्या जुन्या दप्तरात. प्लॉट आणि भाडेपट्टे महापालिकेच्या मालमत्ता विभागात, कारण ट्रस्टच्या जमिनींची मालक आता महापालिका. जमिनीच्या जुन्या हक्कांच्या नोंदी कलेक्टर कचेरीत, दस्त रजिस्ट्रारकडे. ट्रस्टचे छापील वार्षिक अहवाल ग्रंथालयांत. एकाच दारात बसून ही वसाहत समजत नाही, आणि कुठल्या दारातून आपण आधी आत शिरतो त्यावर आपल्याला कुठली गोष्ट ऐकू येणार हे ठरतं. माझ्या बाबतीत ते फार ठळकपणे घडलं.

पहिलं दार

मी सोपं दार निवडलं, ट्रस्टचे वार्षिक अहवाल. छापील, स्वच्छ, तक्त्यांनी भरलेले. अमुक एकर संपादन झाले, अमुक जमीन भरावाने वर उचलली, अमुक रस्ता झाला, इतके प्लॉट भाड्याने गेले, इतके पडून आहेत. दोन दिवस हे वाचलं की मन एकरांमध्ये विचार करायला लागतं. जमीन ही कच्च्या मालासारखी दिसू लागते: आली, भरली, कापली, विकली. माणूस दिसतो तो प्लॉट घेणारा. आधीचा माणूस एका खर्चाच्या आकड्यात विरघळून गेलेला असतो, ‘संपादनाचा खर्च’ या सदराखाली.

स्मरणिकेतलं वाक्य इथून आलं असणार. ते कुणी मुद्दाम रचलेलं नाही. ज्या संस्थेने कागद लिहिले तिला पुढचंच मोजायचं होतं.

या अहवालांमध्ये मोलाचं खूप आहे, हेही सांगायला हवं. माझ्या सोसायटीच्या इमारतीतली हवा आणि उजेड त्यांतूनच समजला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरातल्या उजेडावर आणि वाऱ्यावर १९१२ साली व्याख्यान दिलं होतं, त्यात साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह आहे. खोलीच्या खिडकीसमोर जी इमारत असेल तिच्या माथ्यापर्यंत जमिनीवरून रेषा काढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी असू नये. त्रिकोणमितीत हे मांडून पाहिलं की साधा हिशोब निघतो: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी हवी. मी टेप घेऊन सोसायटीच्या मागच्या बाजूला गेले. दोन इमारतींमधलं अंतर मोजलं, मजल्यांची उंची मोजली, आणि भागाकार दोनच्या आसपास आला तेव्हा मला फार बरं वाटलं. आजींच्या स्वयंपाकघरात सकाळी दहा वाजता ओट्यापर्यंत ऊन येतं. त्या उन्हामागे प्लेगची भीती आहे आणि एका अधिकाऱ्याने कंपासपेटीतून काढलेला कोन आहे. नव्या टॉवरचा आराखडा मी पाहिला आहे. त्यात तो कोन उरलेला नाही.

नंबरांचा घोळ

पुढचं काम आमच्या प्लॉटवर आधी काय होतं ते शोधण्याचं. इथे मी चुकले, आणि ती चूक सविस्तर सांगते, कारण मुंबईच्या जमिनीचा शोध घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी तीत सापडतो.

जुन्या मुंबईच्या खरेदीखताच्या किंवा भाडेपट्ट्याच्या शेवटी मिळकतीचं शेड्यूल असतं. चार दिशांना काय आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि त्याआधी नंबरांची रांग असते. इस्टेटचा प्लॉट नंबर वेगळा. कॅडस्ट्रल सर्व्हेचा, म्हणजे सरकारी जमीन-मोजणीचा सी. एस. नंबर वेगळा, आणि तो कुठल्या डिव्हिजनचा ते पाहायचं: माटुंगा डिव्हिजन, दादर-नायगाव डिव्हिजन, की सॉल्ट पॅन डिव्हिजन. काही दस्तांत कलेक्टरचा जुना नंबर आणि नवा नंबर. त्याखाली लाफ्टनचा सर्व्हे नंबर. शिवाय घरपट्टीसाठी वॉर्डाचा नंबर. एकच जमीन, पाच-सहा नावं. मी इस्टेटचा प्लॉट नंबर हाच सी. एस. नंबर समजून मालमत्ता पत्रक काढलं आणि तीन दिवस एका भलत्याच जमिनीच्या मागे गेले. त्या पत्रकातले हक्क, हस्तांतरणं सगळं नीट उतरवून घेतलं. चौथ्या दिवशी शेड्यूलमधल्या चतुःसीमा ताडून पाहिल्या. उत्तरेला ज्या रुंदीचा रस्ता म्हटलं होतं तसा रस्ता तिथे नव्हता, तेव्हा कुठे लक्षात आलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. नंबराआधी चतुःसीमा वाचायच्या. नंबर सरकार बदलतं. ‘पूर्वेस विहीर व पायवाट’ हे ज्याने लिहिलं त्याने जागेवर उभं राहून लिहिलेलं असतं.

योग्य नंबर सापडल्यावर लाफ्टनपर्यंत मागे जाता आलं. कर्नल लाफ्टन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेटाची मोजणी केली. प्लेग अजून पाव शतक दूर होता आणि ट्रस्टचं नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. या मोजणीचे तक्ते पसरले की आजचं माटुंगा ओळखू येत नाही. किंग्ज सर्कलचा गोल नाही, किंग्जवे नाही (आजचा डॉ. आंबेडकर मार्ग). सरळ रेषाच नाहीत. लहानमोठे, वाकडेतिकडे, एकमेकांत अडकलेले तुकडे आहेत. ज्याने शेतीचं गाव पाहिलं आहे त्याला हे तुकडे लगेच कळतात. बांध असे वाकडे का होतात? पाणी ज्या बाजूने उतरतं त्या बाजूने ते घातलेले असतात. दलदलीला बांध नसतात.

बॅटी, ओआर्ट, ब्रॅब

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गेले तेव्हा मी काय मागायचं ते ठरवून गेले होते. १८२१ साली सुरू झालेलं हे दप्तर. इथे विषयाचं नाव सांगून कागद मिळत नाही. साल, खातं, खंड आणि त्या खंडातला प्रकरण क्रमांक, म्हणजे कंपायलेशन नंबर, सूचीतून शोधून चिठ्ठीवर लिहून द्यावा लागतो. सूचीत ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ या शब्दाखाली योजना सापडतात. मला मात्र भूसंपादन, नुकसानभरपाई आणि अर्ज हे शब्द हवे होते. योजनेचे कागद योजना करणाऱ्यांनी लिहिले. भरपाईचे कागद ज्याचं गेलं त्याच्या मागण्यावरून तयार झाले.

कायद्यामुळे हे घडलं. तेव्हा लागू असलेल्या १८९४च्या भूसंपादन कायद्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असा शब्द होता. जमिनीत ज्याचा ज्याचा म्हणून काही हक्क आहे त्या सगळ्यांना नोटीस द्यायची, त्यांचं म्हणणं नोंदवायचं. उभं पीक, झाडं, जमीन गेल्यामुळे होणारं नुकसान हे सगळं हिशोबात धरायचं. ट्रस्टच्या कायद्यात तर भरपाईच्या तंट्यांसाठी खास न्यायाधिकरण होतं, एक अध्यक्ष आणि त्याच्या मदतीला दोन सदस्य, म्हणजे असेसर. काही तंटे तिथून हायकोर्टात गेले आणि कायद्याच्या छापील अहवालांत कायमचे राहिले. ज्या जमिनीवर काही नाही तिच्याबद्दल कुणी इतकं भांडत नाही.

आता शब्दांकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त त्यांनीच शिकवलं. मुंबईच्या जुन्या जमीन-दप्तरात तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात: बॅटी, ओआर्ट आणि ब्रॅब. इंग्रजी शब्दकोशात ते पटकन सापडत नाहीत. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, काहीतरी तांत्रिक असेल, आणि डोळे पुढे सरकतात. मीही अशीच पुढे सरकत होते. मग एके दुपारी ‘सॉल्ट बॅटी ग्राउंड’ हा शब्द मोठ्याने वाचला आणि थांबले. बॅटी म्हणजे भात. कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं आपलं भात. ‘सॉल्ट बॅटी’ म्हणजे खारं भात, खाजणातली शेती. ‘स्वीट बॅटी’ म्हणजे गोड्या पाण्यावरची. ओआर्ट हा पोर्तुगीज वळणाचा शब्द, म्हणजे नारळाची वाडी. ब्रॅब म्हणजे ताडाचं झाड, ज्यावर भंडारी चढत आणि ताडी काढत.

त्या क्षणापासून सगळ्या फायलींचा रंग बदलला. जिथे ‘बॅटी’ आहे तिथे नांगर आहे, बैल आहे, लावणीला वाकलेल्या बायका आहेत. जिथे ब्रॅब आहे तिथे मडकं आणि चढणाऱ्याची दोरी आहे. बेटाच्या या टोकाला आगरी, कोळी, भंडारी राहत. मीठ पिकवत, भात पिकवत, मासे आणत. ही माणसं इंग्रजी दप्तरात होतीच. फक्त त्यांचे शब्द आपल्याला ओळखू येईनासे झाले होते. आपल्याच भाषेतला शब्द परक्या लिपीत लपून बसतो आणि आपण त्याच्यावरून रोज जातो, याचं मला फार वाईट वाटलं. मराठी अभ्यासकाला मुंबईच्या दप्तरात इतरांहून जास्त दिसू शकतं, पण त्याने ते मोठ्याने वाचलं पाहिजे.

दलदलीचीही गोष्ट याच कागदांत सुटते. मुंबई बेटावरच्या कित्येक खोलगट जमिनी अठराव्या शतकात समुद्राचं पाणी अडवल्यावर कसणाऱ्यांना नाममात्र खंडाने दिल्या गेल्या. त्या खंडाला ‘फोरास’ म्हणत, मूळ शब्द पोर्तुगीज. फोरास रोडच्या नावात तो आजही आहे, आणि फोरास जमिनींसाठी १८५१ साली वेगळा कायदा करावा लागला होता. म्हणजे पाणी अडवून, बांध घालून, मीठ धुवून त्या जमिनी एकदा कुळांनी माणसांत आणल्या होत्या. ट्रस्टने जेव्हा अशा सखल भागांत भराव घातला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी तो आधीच कुणाच्या तरी घामाने पिकाऊ झालेल्या मातीवर पडला.

आजींच्या सासूबाईंनी ऐकलेली बेडकं खरी होती. पावसाळ्यात भातखाचरात ती ओरडतातच. संपादन होऊन कसणारे निघून गेले होते आणि घरं अजून उठली नव्हती, अशा मधल्या वर्षांतलं ते ओरडणं असावं. ही मधली वर्षं या वसाहतीत बरीच होती. योजना विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आखली गेली. संपादन आणि तंटे लांबत गेले. मग १९१४चं महायुद्ध आलं. घरांची खरी गर्दी १९२० आणि ३०च्या दशकांत झाली. एक पिढी ही जमीन कुणाचीच नसल्यासारखी पडून होती, आणि नवे रहिवासी आले ते नेमके त्या वेळी.

देवळं आणि वर्तमानपत्रं

कागदांच्या जोडीला मी दोन वेळा पायी फिरले. किंग्ज सर्कलच्या जवळ मरुबाई गावदेवीचं देऊळ आहे. मी कितीदा तरी त्याच्यावरून गेले असेन. गावदेवी. गाव असल्याशिवाय गावदेवी असते का? आखलेल्या रस्त्यांच्या सरळ रेषांमध्ये ती आपली जागा धरून बसली आहे, आणि वसाहतीच्या आधी इथे गाव होतं हे सांगायला तिला कुठल्याही नंबराची गरज नाही. वडाळ्याचं विठ्ठल मंदिरही असंच. आषाढीला तिथे रांग लागते आणि जवळच फाइव्ह गार्डन्सच्या आखीव बागा आहेत.

या भागाची आणखी एक ओळख होती. शहराला जे जवळ नको होतं ते इकडे पाठवलं जाई. प्लेगच्या आधीच, १८९० साली, महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडलं. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. याच ॲक्वर्थांनी मराठी पोवाडे जमवून छापले, हे मला फार आवडतं. तेव्हा ‘काहीच नव्हते’ याचा एक अर्थ असाही होता: ज्यांची गणना करायची नाही असे लोक इथे होते.

मराठी वर्तमानपत्रांकडे मी उलट्या वाटेने पोचले. सरकारचे भाषांतरकार देशी वृत्तपत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत करून वरिष्ठांना देत, आणि तो गोपनीय असे. हे गोषवारे पुराभिलेखागारात आहेत. ट्रस्ट आधी घरं पाडतो आणि मग बांधायचा विचार करतो, भरपाई कमी, नव्या चाळींचं भाडं गरिबाला न परवडणारं, या तक्रारींचा सूर त्यांत येत राहतो. पण तो अनुवादातला सूर आहे, आठ ओळींत आवळलेला. गोषवाऱ्यात पत्राचं नाव आणि तारीख असते. ती घेऊन मी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात गेले. संग्रहालयाची स्थापना १८९८ची, म्हणजे ट्रस्ट आणि हे ग्रंथालय एकाच वर्षी जन्मले. जिथे मूळ अंक मिळाले तिथे मराठी वाक्य वाचताना कळलं की भाषांतरकाराने राग काढून टाकला होता आणि मागणी तेवढी ठेवली होती. जिथे अंक मिळाले नाहीत तिथे मी गोषवाराच वापरला, आणि तो गोषवारा आहे असं स्पष्ट लिहिलं.

कुणासाठी वसाहत

स्मरणिकेतल्या वाक्याचा दुसरा भाग मी सुरुवातीला तपासणार नव्हते. ‘ही वसाहत वसवली’, पण कुणासाठी? ट्रस्टच्या जन्माचं कारण गरिबांची कोंदट घरं हे होतं. दादर-माटुंगा मात्र वसलं मध्यमवर्गाचं. जमिनीची किंमत, भराव, रस्ते, गटारं यांचा खर्च प्लॉटच्या भाड्यातून वसूल करायचा होता. तो कामगाराला झेपणारा नव्हता. मोठमोठे बंगले घेणारे फारसे पुढे आले नाहीत. आले ते कारकून, शिक्षक, वकील, छोटे व्यापारी, आणि त्यांना परवडला तो मजल्यावरचा फ्लॅट. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी खटपट करून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले, त्यातून दादर पारशी कॉलनी झाली. शेजारी हिंदू कॉलनी. पुढे माटुंग्यात दाक्षिणात्य आणि गुजराती कुटुंबं. प्लॉट नव्याण्णव वर्षांच्या, नऊशे नव्याण्णव वर्षांच्या अशा लांब मुदतीच्या पट्ट्यांनी गेले.

कामगारांची सोय वेगळ्या खात्याने केली. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ चाळी, त्यांतल्या ४२ नायगावला. खोली १६० चौरस फुटांची. हिंदू कॉलनीतून नायगावच्या चाळींकडे चालत जाता येतं. मी एका संध्याकाळी गेले. सावलीची झाडं, बागा, मग एक मोठा रस्ता, आणि पलीकडे त्या लांबच लांब जाळीदार भिंती.

या दोन्ही जगांतून एकच माणूस गेल्याचा पुरावा सगळ्यांसमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षं दोन खोल्यांत राहिले. त्याच ट्रस्टने आखलेल्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी पुस्तकांसाठी म्हणून ‘राजगृह’ बांधलं. परळची चाळ आणि दादरचा प्लॉट या एकाच संस्थेच्या दोन बाजू आहेत. त्या जोडून पाहिल्याशिवाय ट्रस्टचा इतिहास पुरा होत नाही. मी स्मरणिकेत हा परिच्छेद आग्रहाने ठेवला. समितीतल्या एका सदस्यांना तो ‘विषयाला सोडून’ वाटत होता. त्यांना नकाशावर दोन्ही ठिकाणं दाखवली आणि ट्रस्टचं नाव दोन्हीकडे दाखवलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

छापलं काय

बदललेलं वाक्य असं: ‘इथे भाताची खाचरे, नारळाच्या वाड्या आणि ताडाची झाडे होती. त्यांवर जगणारी गावे होती. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ही जमीन संपादन केली, भरपाईचे तंटे चालले, आणि पुढे अनेक वर्षे ती रिकामी राहिली. आपले आजी-आजोबा आले ते तेव्हा.’ चार पानांची सात झाली. आजींनी प्रूफ वाचलं आणि ‘बॅटी’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. त्यांचं माहेर कोकणातलं. “खार जमीन नांगरायला फार जड असते,” एवढंच त्या म्हणाल्या.

हे झाल्यावर सोसायटीचं स्वतःचं कपाट माझ्या डोळ्यांसमोर आलं. पुनर्विकासात इमारतीबरोबर कपाटंही जातात, आणि बिल्डरच्या तात्पुरत्या गोदामातून ती परत येतील याची खात्री नसते. आम्ही एक शनिवार-रविवार ते रिकामं केलं. मूळ भाडेपट्ट्याची प्रत, ट्रेसिंग कापडावरचा मंजूर नकाशा, पहिल्या सभेपासूनची इतिवृत्तं (सुरुवातीची इंग्रजीत, मग मोडक्या मराठीत, मग चांगल्या मराठीत), शेअर रजिस्टर, १९५०च्या दशकातल्या पाणीटंचाईवरची पत्रं, गच्चीवर वाळवणं कुणी घालायची यावरचा ठराव. ट्रेसिंग कापड घडीवर तडकलं होतं. ते उलगडायचं नाही, आहे त्या घडीत सपाट ठेवून वरून फोटो घ्यायचा, असं मी दोन कॉलेजच्या मुलांना दाखवलं. प्रत्येक फोटोच्या नावात प्लॉट नंबर आणि सी. एस. नंबर दोन्ही लिहिले.

मूळ कागद आता तीन पत्र्याच्या पेट्यांत आहेत, आतून ॲसिडमुक्त कागद लावलेला. एक पेटी सेक्रेटरी काकांच्या भाड्याच्या घरी, दोन आजींच्या मुलाकडे. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे: ‘जुनी कागदपत्रे सार्वजनिक ग्रंथालयास देण्याबाबत विचार करणे.’